फॉरमॅट मारण्याआधी एकदा थांबा

सांगली-मिरजेतली डीटीपी केंद्रं, छोटे छापखाने, वाचनालयं, शाळांची कार्यालयं आणि घरी जुना कॉम्प्युटर सांभाळून वापरणारे आपण सगळे, यांना ही कळकळीची विनंती आहे.

कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकून देतो." आपण मान डोलावतो. काही वर्षांपूर्वी मीही डोलावली. माझी कामं डी ड्राइव्हवर होती, ती वाचली. पण सी ड्राइव्हवरचं पानं मांडायचं पेजमेकर गेलं, मराठी टायपिंगची श्रीलिपी गेली, वर्षानुवर्षं गोळा केलेले फॉन्ट गेले. पेजमेकरची सीडी माळ्यावरच्या खोक्यात सापडली तोवर मशीनचा सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडला होता. फाइल उघडल्या, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. एका गावच्या देवस्थानाचा आरतीसंग्रह त्यात होता. ज्या गुरुजींनी तो हाताने लिहून दिला होता ते तोवर हयात नव्हते.

असं का होतं ते नव्या मुलांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांना रोमन अक्षरांच्याच जागा दिलेल्या असत. पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो, पण फाइलमध्ये तो 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली, पुढे काही नाही. असं जमून बसलेलं मशीन एकदा पुसलं की ते पुन्हा तसंच उभं करणं फार थोड्यांना साधतं.

आणि बहुतेक वेळा पुसायची गरजच नसते. मंद झालेली असते ती आतली हार्ड डिस्क. तिच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक बारीकसा हात त्यांच्यावरून सरकत मजकूर शोधतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवरही हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात, हात सरकायचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना हा शोध हजारो वेळा घ्यावा लागतो. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारं काही नसतं, त्यामुळे हा शोध कितीतरी पटींनी लवकर संपतो. दहा वर्षांचं मशीनही एसएसडी बसवल्यावर कामाला लागतं, हे मी माझ्याच टेबलावर पाहिलं आहे.

एसएसडी बसवायची तर विंडोज नव्याने टाकावंच लागतं, ही समजूत चुकीची आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर उतरवता येते. सॉफ्टवेअर, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, डेस्कटॉपवरचा पसारा, सगळं जसंच्या तसं येतं. सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट करून मात्र हे होत नाही. मशीनला विंडोजकडे नेणारा, साधारण १०० एमबीचा एक छुपा भाग डिस्कवर वेगळा असतो. तो आला नाही तर नवी डिस्क सुरूच होत नाही. तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे काम फुकट करतं. पेन ड्राइव्हवरून चालतं, पडदा मात्र नुसत्या अक्षरांचा, पहिल्यांदा धडकी भरवणारा. अनेक एसएसडी कंपन्याही स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर देतात, ते नवख्याला सोपं जातं.

आता जिथे घात होतो त्याबद्दल. सर्वांत मोठी चूक म्हणजे दिशा उलटी निवडणं. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं संपतं. म्हणून क्लोनच्या आधी कामाच्या फाइली वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्याच, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी दोन्ही डिस्कची कंपनी व आकार मोठ्याने वाचा. दुसरी गोष्ट खरेदीची: जुनी डिस्क ५०० जीबीची असेल तर ४८० जीबीची एसएसडी आणू नका. वीस जीबीसाठी क्लोन अडतो आणि मग आधी जुन्या डिस्कचा शेवटचा भाग आक्रसून घ्यावा लागतो. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला घातलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर तो आधी बंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. एखादं सॉफ्टवेअर डिस्कच्या क्रमांकाला बांधलेलं असतं, तेव्हा विक्रेत्याला आधी विचारा. यूएसबीला लावायचं डोंगल असेल तर ते क्लोनमध्ये येत नाही, जपून ठेवा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आवाज नसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून पाहा. निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला तर त्याच दिवशी फाइली काढून घ्या.

क्लोन झाला की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा, तिच्याच वायरीला एसएसडी जोडा आणि एकटीवर सुरू करा. दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला टाकतं. एक उणीव मात्र सांगायला हवी: क्लोनमध्ये घरच्या वाळवीसकट घर येतं. व्हायरस असेल तर तोही येतो. विंडोजही जुनंच राहतं: विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पेजमेकरचं जुनं मशीन खुशाल चालवा, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. जमलं तर नेटची वायरच काढून टाका. आणि सवडीने जुना मजकूर युनिकोडमध्ये नेत चला.

काढलेली जुनी डिस्क पुसू नका, विकू नका. ती आपोआप तयार झालेली दुसरी प्रत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी आपल्या पेठांमध्ये शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. डिस्कवर तारीख लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि वरच्या मजल्यावर, शक्यतो दुसऱ्याच्या घरी ठेवा.

ज्यांना हे काम येतं त्या तरुणांना माझं वेगळं मागणं आहे. आपल्या गल्लीतल्या एका वाचनालयाला किंवा शाळेला एक रविवार द्या. कॉम्प्युटरशी बोलायला घाबरणारे तिथले कारकून आणि ग्रंथपाल स्वतःहून विचारायला येणार नाहीत, तुम्हीच जा. आणि दुरुस्ती करणाऱ्या बंधूंनो, गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की आधी एवढं विचारा: "यात श्रीलिपी, आयएसएम, पेजमेकर असं काही आहे का?" हो म्हणालं तर फॉरमॅटऐवजी क्लोनचा दर सांगा. मेअखेरपर्यंत, पाऊस लागायच्या आत, प्रत्येकाने असं एक तरी मशीन हातावेगळं करावं.