१७० रुपयांची रांगोळी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आणि लिहितेय तेही भांडायला. आमच्या घरातली निम्मी मंडळी हे पान वाचतात (आणि प्रतिक्रिया न देता थेट फोन करतात), त्यामुळे आधीच सांगते, बापूकाका, ही पोस्ट तुमच्याबद्दल आहे. पण फक्त तुमच्याबद्दल नाही. माझ्याबद्दलही आहे.

तर झालं काय, जानेवारीत आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. इचलकरंजीच्या घरी सगळे जमणार, मग सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे असं ठरलं. कल्पना माझीच. आजी २०१९ साली गेली. तिची रांगोळीची एक वही माझ्याकडे आहे. शंभर पानी, कव्हर फाटलेली, आत स्केचपेननं रंगवलेल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात '१५ ते ८' वगैरे. त्यातली मोरांची रांगोळी, तिच्या अक्षरासकट, मरून टी-शर्टवर छापायची. ३४ नग.

रंग सात-आठ, रेषा केसासारख्या, नग थोडे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन बनवावी लागते, ते ३४ नगांना परवडत नाही. म्हणून डीटीजी, म्हणजे डायरेक्ट टू गारमेंट. संगणकावरचं चित्र मशीन सरळ कपड्यावर छापतं. पुण्यातल्या एका दुकानदारानं नगाला ५६० रुपये सांगितले. बापूकाकांनी फोन स्पीकरवर टाकून पाऊण तासात ते ३९० वर आणले. "अहो, प्रिंटरच तर आहे! कागदाऐवजी कापड घालायचं, बटण दाबायचं. त्याचे ५६०?" सगळे हसले. मीही हसले.

कार्यक्रमाच्या दिवशी टी-शर्ट झकास दिसले. आत्याचे डोळे भरून आले. फोटो तुम्ही पाहिलेच आहेत.

तिसऱ्या धुण्यानंतर मोर गेले. पांढरे ठिपके आधी गुलाबी झाले, मग त्यांचा भुगा पडायला लागला. आजीचं अक्षर तर सगळ्यात आधी गेलं. वहिनीनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा बापूकाकांनी लिहिलं, "जाऊ दे गं. रांगोळी रोज पुसायचीच असते."

वाक्य छान आहे. चौदा जणांनी हात जोडले त्याला. मला मात्र ते वाचून जो राग आलाय तो अजून उतरलेला नाही, कारण त्या वाक्याआड एक साधी गोष्ट लपवली जातेय. रांगोळी पुसायची असते, कबूल. पण आपण रांगोळी विकत घेतली नव्हती, छपाई विकत घेतली होती. आणि ती नीट केली असती तर टिकली असती.

'प्रिंटरच तर आहे' हे जे आपण सगळेच म्हणतो ना, त्याचा एकदा सोक्षमोक्ष लावू या.

एका अर्थी तो प्रिंटरच आहे. सुरुवातीच्या काळात कित्येक जणांनी टेबलावरचे कागदाचे प्रिंटर उघडून, त्यात फेरफार करूनच कपडे छापले. पुढे खास कपड्यांसाठी मशीनं आली. ब्रदर कंपनीचं जीटी-५४१ हे २००५ सालचं, एप्सनचं एफ-२००० हे २०१३ सालचं. पण कागदावर छापणं आणि कापडावर छापणं यात फरक आहे, आणि तो फरक मशीनमध्ये कमी, मशीनच्या आधी आणि नंतर जास्त आहे.

आधी कापड. डीटीजीची शाई पाण्यातली असते आणि तिचं सुताशी जमतं. शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं, वर लव नसलेलं कापड सगळ्यात चांगलं. पॉलिस्टरवर ही शाई नीट धरत नाही. शिवाय तापवल्यावर पॉलिस्टरमधला मूळ रंगच उडून वरच्या शाईत शिरतो. लाल आणि मरून तर यात बदनामच आहेत. आपले पांढरे ठिपके गुलाबी का झाले ते कळलं का आता? ते टी-शर्ट शुद्ध सुती नव्हतेच.

मग येते प्री-ट्रीटमेंट. गडद कपड्यावर रंग दिसायचा तर खाली पांढऱ्या शाईचा थर हवा. ती पातळ शाई कोऱ्या सुतावर टाकली तर टीपकागदासारखी आत शोषली जाते आणि वर काहीच उरत नाही. म्हणून आधी कपड्यावर एक द्रावण सारखं फवारतात. त्यात क्षार असतात, बहुतेकदा कॅल्शियमचे, आणि थोडं चिकटवणारं द्रव्य. मग गरम प्रेसखाली ते वाळवतात. त्यावर पांढरी शाई पडली की क्षारांमुळे ती तिथल्या तिथे गोठते आणि वरच राहते. द्रावण कमी पडलं तर पांढरा फिका पडतो. जास्त झालं तर कपडा कडक होतो आणि चौकोनी डाग दिसतो. हे काम हाताचं आणि सवयीचं आहे.

आणि हे इचलकरंजीच्या माणसांना मी समजावून सांगायचं? आपल्या घरात आठ माग होते. उभ्या धाग्याला खळ दिल्याशिवाय बीम मागावर चढत नाही, हे मला आजोबांनी मी दुसरीत असताना सांगितलं होतं. सायझिंगवाल्यानं खळ पातळ केली की धागे पटापटा तुटायचे आणि आजोबा त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. खळ कापडात शेवटी उरत नाही, धुतल्यावर निघून जाते. म्हणून कुणी 'खळीचे पैसे कशाला?' असं विचारलं नाही कधी.

त्यानंतर छपाई. आधी पांढरा थर, त्यावर रंग. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते जड, तळाशी बसणारं. शाई सारखी ढवळत ठेवावी लागते, नाहीतर मशीनचं हेड तुंबतं. रोज हेड साफ करायचं, त्यातही शाई जाते. गडद कपड्यावर शाईचा मोठा खर्च या पांढऱ्याचाच. पांढऱ्या टी-शर्टवर हा थरच लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. दुकानदार गडद कपड्याला जास्त पैसे सांगतो तेव्हा तो दर वेळी लुबाडत असतोच असं नाही.

शेवटी क्युरिंग, म्हणजे भाजणं म्हणा हवं तर. साधारण १६० अंश सेल्सियसला, शाईवाल्यानं सांगितला असेल तेवढा वेळ. त्यात पाणी उडून जातं आणि शाईतलं बंधक सुताला घट्ट धरतं. एका प्रेसवर एका वेळी एकच कपडा बसतो. प्रत्येकाचं एखादं मिनिट वाचवलं तर ३४ नगांत अर्ध्या तासाच्या वर वेळ वाचतो. आणि यातली मेख अशी, की कच्चा भाजलेला टी-शर्ट पहिल्या दिवशी अगदी पक्क्या भाजलेल्यासारखाच दिसतो. फोटोतही तसाच येतो. फरक बादलीत कळतो.

मी त्या दुकानात परत गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, ५६० मध्ये कॉटन धरलं होतं, ट्रीटमेंट डबल धरली होती. ३९० मध्ये जे बसतं ते दिलं."

यावर माझं पहिलं भांडण त्याच्याशी आहे. अरे बाबा, मग तेव्हा बोलायचं होतंस! '३९० मध्ये मिश्र कापड येईल, तीन धुण्यांत जाईल' एवढं एक वाक्य. भाव उतरवणं हा आमचा हक्क असेल, पण माल बदलून तो न सांगणं हा तुझा हक्क नाही. काही ठिकाणी तर डीटीजी सांगून डीटीएफ देतात. म्हणजे फिल्मवर छापून, चिकट पावडर लावून, प्रेसनं कपड्यावर चिकटवलेलं चित्र. डीटीएफ वाईट नाही हं. पॉलिस्टरवरही बसतं, टिकतंही बरं. पण हाताला प्लास्टिकसारखं लागतं आणि मोठं चित्र असेल तर त्यातून हवा खेळत नाही. ज्याला चालतं त्यानं खुशाल घ्यावं, पण नाव सांगून द्यावं. पद्धत कोणती, कापड कोणतं, ट्रीटमेंट झाली की नाही, हे बिलावर लिहायला शाई लागते ती दोन पैशांची.

दुसरं भांडण मात्र आपल्याशी. भाव करताना आपल्याला वाटतं की आपण दुकानदाराचा नफा कापतोय. तो बहुधा नफा कापत नाही. तो जे आपल्याला दिसत नाही ते कापतो. दिसतं काय? रंग आणि आकार. दिसत नाही काय? फवारा, भट्टीतली मिनिटं, सुताचं प्रमाण. मग कात्री कशाला लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. १७० रुपये गुणिले ३४, म्हणजे ५७८० रुपये आपण वाचवले. आणि त्यासाठी १३,२६० रुपये पाण्यात घातले. हा हिशेब आजोबांनी केला असता तर त्यांनी आपल्याला पेढीवर बसू दिलं नसतं.

आणि असा टी-शर्ट दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. ज्याचं त्याच्यासाठी छापायचं, उगाच ढीग छापून गोदामात ठेवायचा नाही, हाच तर या पद्धतीचा मोठा फायदा. ते तीन धुण्यांत पोछा होणार असेल तर कसला फायदा?

'त्यापेक्षा स्क्रीन प्रिंटिंगच बरं' असं काका म्हणतील. म्हणा. मंडळाचे दोनशे टी-शर्ट एका रंगात हवे असतील तर मीही तिकडेच जाईन, तिथे डीटीजीवर पैसे घालणं वेडेपणा आहे. पण आजीचे मोर तिथे बसत नाहीत. आणि हे सगळं नको असेल तर छापूच नका, साधे टी-शर्ट घाला. मला तेही मान्य आहे. अर्ध्या पैशांत पूर्ण काम मागणं तेवढं मान्य नाही.

ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले कितीतरी जण संमेलनांसाठी, ट्रेकसाठी टी-शर्ट छापून घेता. तेव्हा एवढं करा. आधी एकच नग छापून घ्या. एक दिवस थांबा, मग उलटा करून गार पाण्यात तीनदा धुवा. चित्र ताणून पाहा, कापडाची वीण त्यातून दिसली पाहिजे. ते पास झालं तर उरलेले सांगा. आणि मग भाव करू नका. करायचाच असेल तर आधी विचारा, 'यातलं काय कमी करणार?'

मी गेल्या आठवड्यात एक नग पुन्हा छापून घेतला. दुसऱ्या दुकानात, शुद्ध सुती, ६२० रुपये, एकटाच असल्यामुळे थोडा महाग. चार वेळा धुऊन पाहिला. मोर आहेत. '१५ ते ८' पण आहे. रविवारी तो आजोबांना द्यायला इचलकरंजीला जातेय. जुना टी-शर्ट ते अजून घालतात म्हणे, गंजीफ्रॉकसारखा, आतून.

बापूकाका, तुम्हालाही हवा असेल तर सांगा. ६२० रुपये. मी घासाघीस करत नाही :)