बर्फातली पेटी आणि सोपाऱ्याची खापरी

बर्फात गोठलेले राज्य, त्याच्या पोटात पुरातन पेटी आणि पेटीत अचाट शक्ती! मुलांना यंदाही हीच गोष्ट हवी. असू द्या. पण ‘आपल्याकडे असले काही नाही’ असे आमच्या कशेळीतले शिकलेसवरलेले पालकच म्हणू लागले, की अंगाचा तिळपापड होतो. अहो, आपल्या पुलाखालचे उल्हासचे पाणी वसईच्या खाडीने समुद्राला मिळते, वसईपलीकडेच सोपारा! तेथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणला. दगडी पेटीत एकात एक करंडे निघाले, सर्वांत आतला सोन्याचा. आणि त्यात? रत्न नव्हे, शस्त्र नव्हे. मातीच्या भांड्याचे १३ तुकडे! पंडितजींनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. बर्फातल्या पेटीतून नायकाला राज्य मिळते. येथे राज्य सोडलेल्या माणसाच्या भिक्षापात्राची खापरी म्हणून सोन्यात जपली. असे कोडे कोणत्या हिमराक्षसाने घातले आहे, सांगा! ते करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्तूपाची जागा नालासोपाऱ्यातच आहे. फराळ आटोपला की मुलांना घेऊन निघा. कशेळी पुलावरचा खोळंबा तेवढा हिशेबात धरा.