येळवशीची पंगत आणि बटईदार

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघरी टर्की भाजतात. सुगीचे आभार मानण्याचा तो सण. वार कोणता, हे तिथल्या काँग्रेसने १९४१ साली कायद्याने पक्के केले. तिकडे गेलेली आपली मुले त्या मेजवानीचे फोटो पाठवतात आणि इथे सिडकोत आईवडील ते कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतात. दाखवावेत. पण असाच सण आपल्या लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला असतो, हे याच शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. ती वेळ अमावास्या, बोलीत येळवस. त्या दिवशी लातूरचा बाजार ओस पडतो आणि सारा गाव शिवारात असतो. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही ती आहे; कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ.

या सणाचा खरा सोहळा चुलीपाशी. ज्वारीच्या पिठाची आंबिल आदल्या दिवशीच आंबवायला ठेवायची, मग ताक, लसूण, जिरे घालून ती माठात भरायची. पहाटेपासून भज्जी. (पुण्याकडच्या वाचकांनी तळलेली भजी डोळ्यांपुढे आणू नयेत!) तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात हे सारे चिंचेच्या आंबटात शिजवून त्याला बेसन लावायचे. बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. शेंगा सोलायला आजीपासून नातवापर्यंत सगळे हात लागतात. मग टोपल्या डोक्यावर घेऊन शेतात जायचे, कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड पुजायचे, पिकावर आंबिल शिंपडायची. वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचे.

आता शहरातून मालक मोटारीने येतो, तेव्हा त्या पंगतीतले बरेचसे दाणे बटईदाराने पिकवलेले असतात आणि चूलही पुष्कळदा त्याच्याच बायकोने पेटवलेली असते. आभार मात्र काळ्या आईचे मानायचे! काळ्या आईबद्दल तक्रार नाही. पण बँकेच्या खुर्चीत बसून मी आयुष्यभर सातबारे पाहिले. बटईदाराचे नाव त्यात सहसा नसते. मालकाला कुळ लागण्याची भीती. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू झाल्यापासून ती घराघरांत मुरली आहे. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. तोंडी व्यवहारावर पीककर्ज मिळत नाही आणि नुकसानभरपाई येते ती सातबाऱ्यावरच्या नावाने. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत माती खरवडून गेली, तेव्हा बी-बियाण्याचे पैसे बुडाले बटईदाराचे.

मालकी न जाता कसणाऱ्याला कर्ज मिळावे, असा नमुना कायदा नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्येच मांडला. कायदे राज्याने करायचे, त्यामुळे आमदारांना याबद्दल विचारलेच पाहिजे. पण भरपाईतला बटईदाराचा वाटा त्याच्या हाती द्यायला मालकाला कुठला कायदा अडवतो? बटईत धान्य निम्मे वाटून घेता, मग नुकसान वाटून घ्यायला काय हरकत? येळवशीला जाल तेव्हा हा हिशेब कोपीपाशीच, जेवणापूर्वी करावा. आणि वाढायला त्या दिवशी आपल्या मुलांनी उभे राहावे. बटईदाराच्या बायकोला पहिल्या पंगतीत बसू द्यावे. पहाटेपासून ती उभीच असते.