छपरावरचा सांगाडा

घर विकत घेतलं तेव्हा तपासणीला आलेल्या माणसाने छपराकडे बोट दाखवून सांगितलं, "तो सांगाडा काढून टाका, आता त्याचा काही उपयोग नाही." वास्तुशांतीला आलेल्या आमच्या मराठी मित्रमंडळींनीही तेच सांगितलं, फक्त जास्त हसून. "काय रे, अमेरिकेत येऊन छपरावर अँटेना? कावळे बसवायला का?" मी इंजिनिअर असूनही तेव्हा मान डोलावली होती, याची आता लाज वाटते. तर मंडळी, आज मला या "उपयोग नाही" शी भांडायचं आहे.

आधी थोडा इतिहास. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. (मूळ तारीख १७ फेब्रुवारी होती, पण तयारी झाली नाही म्हणून पुढे ढकलली. सरकारी कामं सगळीकडे सारखीच!) जुन्या टीव्हीला जोडायचा डिजिटल डबा घ्यायला सरकारने घरटी दोन कुपनं दिली, प्रत्येकी ४० डॉलरची. आता नीट बघा, कुपन डब्यासाठी होतं, अँटेनासाठी नव्हतं. कारण अँटेना बदलायची गरजच नव्हती! पण लोकांनी सोयीस्कर समज करून घेतला की जुनं ते सगळं गेलं, आणि दुकानांत "डिजिटल अँटेना", "एचडी अँटेना" अशी खोकी दिसायला लागली. अहो, ॲल्युमिनियमच्या नळीला डिजिटल काय आणि ॲनालॉग काय? तिला फक्त स्वतःची लांबी कळते.

या लांबीतच सगळी गंमत आहे. आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो. इथल्या मोठ्या स्टेशनांचे मनोरे रॉक्सबरो भागात एकाच ठिकाणी उभे आहेत. २००९ मध्ये बहुतेकांनी यूएचएफचा वरचा पट्टा धरला, पण एबीसीचं डब्ल्यूपीव्हीआय ६ नंबरच्या जुन्याच लहरींवर राहिलं. लोकांना ते दिसेना, तक्रारी झाल्या आणि लवकरच स्टेशनला प्रक्षेपणाची ताकद वाढवायची परवानगी मिळाली. का दिसेना? त्या लहरीची लांबी साधारण साडेतीन मीटर. म्हणजे ती पकडायला पावणेदोन मीटरची आडवी नळी हवी. यूएचएफला मात्र वीतभर नळी पुरते. मी आधी खिडकीला चिकटवायचा एक कागदासारखा पातळ "एचडी" अँटेना आणला होता. त्यावर सगळं दिसे, ६ नंबर सोडून. आणि छपरावर तो लांब मिशांचा सांगाडा कावळ्यांची वाट बघत उभा!

शेवटी एका शनिवारी शिडी लावली. विजेच्या तारा जवळपास नाहीत याची खात्री करून घेतली (ही पायरी गाळू नका). अँटेनाला काहीच झालं नव्हतं. मेली होती ती वायर. जुनी चपटी दोन पदरी वायर उन्हापावसाने पार चिरली होती आणि स्क्रूंवर हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरने टोकं घासली आणि ३०० ओहमचं ७५ करणारा अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर बसवला. तिथून नवी गोल केबल खाली आणून वाटेत अर्थिंग केलं. पाना घेऊन तोंड रॉक्सबरोकडे वळवलं. खालून बायको ओरडत होती, "अरे, आलं! नाही, गेलं!"

हा संवाद तुमच्या कानांना ओळखीचा असेल. पुण्यात १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं. आमच्या चाळीतले झाडून सगळे अँटेना गडाकडे तोंड करून असायचे. बाबा गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीपुढे. "मुंग्या आहेत का अजून?" "कमी झाल्या!" डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. एकतर लख्ख चित्र, नाहीतर चौकोनी ठिगळं आणि मग अंधार. म्हणून पाना हळू फिरवायचा. आणि दर वेळी टीव्हीला चॅनल नव्याने शोधायला लावायचं, हे बरेच जण विसरतात आणि अँटेनाला शिव्या घालतात.

तर आलं. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस, वर आणखी बरीच. ईगल्सची मॅच केबलपेक्षा स्वच्छ दिसते, कारण सिग्नल वाटेत कोणी पुन्हा दाबलेला नाही. मराठी चॅनल यावर येत नाहीत, क्रिकेट येत नाही, डोंगराआड राहणाऱ्याला काहीच येत नाही, हेही सांगून टाकतो.

पण आमच्या केबलच्या बिलात "प्रक्षेपण आकार" म्हणून एक वेगळी ओळ असायची. याच स्टेशनांसाठी, जी माझ्या छपरावर फुकट पडत होती! १९९२ च्या कायद्याने स्टेशनांना केबलवाल्यांकडून पैसे मागायचा हक्क दिला, केबलवाले ते पैसे आपल्याकडून घेतात. गंमत म्हणजे ही केबलसुद्धा मुळात अँटेनाच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस याच पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ गावांत कुणीतरी टेकडीवर अँटेना उभारला आणि तिथून गावात वायरी ओढल्या. म्हणजे मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या अँटेनाचं भाडं भरत होतो, स्वतःचा डोक्यावर असताना.

हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या. स्टेशनांना त्या परवान्यावर वापरायला मिळतात, लोकांची सेवा करण्याच्या अटीवर. आता नवी पद्धत आली आहे, तिला नेक्स्टजेन म्हणतात, २०१७ मध्ये मंजूर झाली. चित्र आणखी चांगलं, ठीक. पण बरीच स्टेशनं त्या नव्या सिग्नलला कुलूप लावून पाठवताहेत. ते उघडायला मान्यताप्राप्त डबाच हवा. जनतेच्या हवेतून जाणाऱ्या लहरीला कुलूप? ज्यांनी "अँटेना आता कोण वापरतो" म्हणून खांदे उडवले, त्यांच्या जिवावरच हे चाललं आहे. भांडायला छपरावर कोणी उरलंच नाही!

तुम्ही तिकडे हसू नका. आपल्याकडे दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले, कुणी ब्र काढला नाही. डीडी फ्री डिश आहे, महिन्याचे पैसे न घेणारी, ती मात्र "खेड्यातल्यांची" म्हणून शहरात कोणी लावत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची लाज वाटणं ही आपली जुनी खोड.

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. अँटेनामुळे परिसराची शोभा जाते, तीस दिवसांत काढा. मी उत्तरात १९९६ चा केंद्रीय नियम जोडला. स्वतःच्या मालकीच्या जागेवर टीव्हीचा अँटेना लावायला अशा संस्थांना बंदी घालता येत नाही. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. शेजारचे आजोबा मात्र काल कुंपणापाशी येऊन विचारत होते, शिडी तुझी स्वतःची आहे की भाड्याने आणली होतीस?