कागद, पडदा आणि पुस्तकाचे फिरणे

जून महिन्यात पर्यावरण दिनाची आणि ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिनाची भाषणे होतात. अलीकडे या दोन्ही प्रसंगी एक उपदेश हटकून ऐकू येतो. झाडे वाचवायची असतील तर कागदी पुस्तके सोडा आणि पडद्यावर वाचा, असा तो उपदेश आहे. त्यावर कागदाचे अभिमानी नव्या पुस्तकाचा वास, पान उलटण्याचे सुख आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा यांची आठवण करून देतात. एक पक्ष नीतीच्या नावाने बोलतो, दुसरा रुचीच्या. वाद पुष्कळ होतो. हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

हा हिशेब मांडायला चंद्रपूर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नसेल. बल्लारपूरच्या कारखान्यातून निघालेल्या कागदावर पिढ्यान् पिढ्या पुस्तके आणि वह्या छापल्या गेल्या. तेथून पंधरा-वीस किलोमीटरवर चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची क्षमता २,९२० मेगावॉट असून ते चालते ते कोळशावर. पुण्या-मुंबईचा वाचक कागदी कादंबरी विकत घेवो वा ती मोबाइलवर उतरवून घेवो, तिची झळ कोणत्या ना कोणत्या मार्गाने चंद्रपूरसारख्या गावांना पोहोचतेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा तिच्यात चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. पडदा स्वच्छ दिसतो याचे एक कारण असे की, त्याचा धूर आपल्या खिडकीतून दिसत नाही.

कागदाचा इतिहासही निर्मळ नाही. स्वातंत्र्यानंतर कागद कारखान्यांना सरकारी जंगलांतला बांबू जवळजवळ फुकट मिळत असे. कर्नाटकातील एका कारखान्याला तो टनाला दीड रुपया या दराने दिला जात होता, हे माधव गाडगीळ यांनी उघडकीस आणले. त्याच बांबूवर पोट भरणाऱ्या बुरुडाला बाजारात त्याच्या कैक पटींनी पैसे मोजावे लागत होते. गडचिरोलीतील आदिवासींचा अनुभव यापेक्षा फारसा वेगळा नव्हता. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरीही स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्याने विकता यावा यासाठी त्याला २०११ सालापर्यंत झगडावे लागले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. परंतु वनखात्याच्या लेखी ते झाड, आणि म्हणून सरकारच्या मालकीचे, असा हा तंटा होता. त्या काळी ‘पुस्तक छापणे म्हणजे जंगल तोडणे’ असे कोणी म्हटले असते, तर ते फारसे चुकीचे ठरले नसते.

आज ते सरसकट खरे नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने कारखान्यांना कच्चा माल शेतकऱ्यांकडून घेण्याची दिशा दाखवली. तेव्हापासून निलगिरी, सुबाभूळ आणि सुरू यांची लागवड करणारे शेतकरी लाकडाचे मुख्य पुरवठादार झाले. शिवाय देशात तयार होणाऱ्या कागदाचा मोठा हिस्सा रद्दीपासून बनतो, काही हिस्सा उसाच्या चिपाडापासून. लगदा करण्यासाठी लागणारे अफाट पाणी, शुभ्रतेसाठी वापरली जाणारी रसायने आणि नदीत सोडलेले सांडपाणी ही कागदाची पापे आहेतच. ती झाकण्याचे कारण नाही. मात्र पुस्तकाचे पान उलटताना प्रत्येक वेळी एखादा साग कोसळतो अशी जी चित्रे शाळकरी भित्तिपत्रकांवर काढली जातात, त्यांत भावना अधिक आणि माहिती कमी असते.

आता पडद्याकडे वळू. किंडलसारखे वाचनयंत्र वापरताना फारच थोडी वीज खाते, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे बरोबर आहे. त्याचा भार पडतो तो ते घडवताना. धातूंच्या खाणी, बॅटरीतले लिथियम, चकत्यांच्या कारखान्यांतील पाणी आणि वीज हा सारा खर्च पहिले पान वाचण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. तो किती कागदी पुस्तकांच्या बरोबरीचा, याविषयी २००९-१० च्या सुमारास अमेरिकेत जे हिशेब झाले त्यांत एकाने बावीस-तेवीस पुस्तके असे उत्तर काढले, तर दुसऱ्याने तापमानवाढीच्या दृष्टीने ते शंभरापर्यंत नेले. आकड्यांत इतके अंतर असले तरी एक गोष्ट दोन्हींतून निघते. वर्षाला चाळीस-पन्नास पुस्तके वाचणाऱ्याने आणि तेच यंत्र सात-आठ वर्षे टिकवणाऱ्याने निसर्गावर खरोखरच उपकार केले. वाढदिवसाला मिळालेले यंत्र दोन कादंबऱ्यांनंतर कपाटात ठेवणाऱ्याने मात्र काहीच वाचवले नाही. खिशात मोबाइल आहेच, त्यावरच वाचले तर नवे यंत्र कशाला, असा युक्तिवाद यावर होतो आणि तो बिनतोड आहे; त्या पडद्यावर तीनशे पाने सलग वाचणारे किती, एवढाच प्रश्न उरतो. यंत्र मोडल्यावर काय होते तेही पाहावे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातील रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला तो जेमतेम २२ टक्के. असा कचरा निर्माण करण्यात चीन व अमेरिका यांच्यानंतर आपला क्रमांक लागतो. जुने पुस्तक रद्दीत गेले तर त्याचा पुन्हा कागद होतो. जुन्या यंत्रातील तांबे काढण्यासाठी कोणीतरी उघड्यावर तारा जाळत बसतो.

परंतु या साऱ्या हिशेबांत एक गृहीत धरलेले असते, आणि आमचा आक्षेप त्या गृहीतालाच आहे. एक प्रत आणि एक वाचक असे समीकरण मांडून ही तुलना केली जाते. मराठी वाचनाची परंपरा अशी कधीच नव्हती. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली निघाले, मुंबईचे १८९८ साली. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे, तर रत्नागिरीचे नगर वाचनालय त्याच्याही वीस वर्षे आधीचे. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या समाजाने वर्गणी काढून पुस्तके आणली आणि ती फिरवली. हजार प्रतींच्या आवृत्त्यांवर आपले साहित्य जगले ते याच फिरण्यामुळे. एखादी प्रत पन्नास घरांतून हिंडून आली की तिच्यासाठी लागलेला कागद, पाणी आणि कोळसा पन्नास जणांत वाटला जातो. त्यापुढे कोणत्याही वाचनयंत्राचा हिशेब फिका पडतो. वाचनालयाच्या सभासदाने यंत्र घेतले नाही म्हणून अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

नेमकी हीच सोय ई-पुस्तकात काढून घेतलेली आहे. त्याची किंमत मोजली तरी ग्राहकाला बहुधा मिळतो तो वाचण्याचा परवाना. पुस्तक मिळत नाही. ते मैत्रिणीला देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही. २००९ साली अॅमेझॉनने हक्कांच्या तंट्यावरून ग्राहकांच्या किंडलमधून पुस्तके परस्पर पुसून टाकली. ती जॉर्ज ऑर्वेलची होती आणि त्यांत ‘१९८४’ ही कादंबरीही होती, हा योगायोग कोणा विडंबनकाराला सुचला नसता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके वाचकांजवळून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले एवढेच. तंत्र म्हणून पाहिले तर एक ई-प्रत लाखो हातांत फिरवणे कागदापेक्षा कितीतरी सोपे आहे. तिला अडवले आहे ते व्यापाराने. लेखक-प्रकाशकांना चोरट्या प्रतींची भीती वाटते आणि ती निराधार नाही, कारण मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मोबाइलवरून सर्रास फिरतात. तथापि वाचनालयांनी योग्य मोबदला देऊन ठरावीक प्रती ठरावीक मुदतीसाठी उसन्या द्याव्यात, अशी व्यवस्था मराठीत करण्यास कोणाची हरकत असावी?

जे पडद्यावर जायला हवे ते निःसंकोच जावे. विश्वकोशाचे जाडजूड खंड आज संगणकावर विनामूल्य पाहता येतात. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने तसाच खुला केला आहे. कोश, गॅझेटिअर, सरकारी अहवाल ही दोन मिनिटे पाहून मिटण्याची पुस्तके. ती घरोघर छापील ठेवण्यात शहाणपण नाही. मुलांच्या हातात मात्र कागदच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि तो कागदही विचाराने वापरावा. २०२३ साली राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत कोरी पाने बांधण्याचा निर्णय घेतला. वेगळ्या वह्या लागू नयेत आणि दप्तराचे ओझे घटावे हा हेतू चांगला होता. मुले पुस्तकाबरोबर वह्याही आणत राहिली आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घ्यावा लागला. मधल्या दोन वर्षांत किती कोरा कागद वाया गेला असेल, याचा हिशेब झाला पाहिजे. शिवाय ज्या पुस्तकात मुलाने वर्षभर टिपणे लिहिली ते धाकट्या भावंडाच्या किंवा शेजाऱ्याच्या उपयोगी कितपत पडणार? आपल्याकडे पाठ्यपुस्तक हे पिढीजात फिरणारे पुस्तक होते. मोठ्याचे पुस्तक खाकी वेष्टन बदलून धाकट्याला मिळत असे आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे.

पुस्तके फिरवण्याचे काम आजही कोणी करीत नाही असे नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातील पेट्या गावोगावी आणि परदेशांतील मराठी मंडळींतही पोहोचल्या आहेत. ते लोकांनी उभारले. सरकारजवळ याहून मोठे साधन आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने आज राज्यात अकरा हजारांच्या आसपास अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांची ‘अ’ ते ‘ड’ ही वर्गवारी ठरवताना ग्रंथसंख्येला मोठे महत्त्व असते, आणि म्हणून वर्ष संपता संपता स्वस्तातली पुस्तके गठ्ठ्याने घेऊन फळ्या भरण्याचा मोह होतो. कोणी न उघडलेले पुस्तक हे कागदाच्या नासाडीचे सर्वांत वाईट उदाहरण होय. ग्रंथालय संचालनालयाने अनुदानाचा काही भाग तरी देवघेवीच्या आकड्यांशी जोडावा, आणि एका तालुक्यातील ग्रंथालयांनी परस्परांत पेट्या फिरवाव्यात यासाठी वाहतूक खर्चाची वेगळी तरतूद करावी. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली. तरीही ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान हजारांतच मोजावे लागते. त्यातूनच ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांची बिले, दिवाबत्ती आणि नवी पुस्तके भागवायची असतात.