जेवणाच्या पुढचा प्रश्न

मागचे दोन महिने या सदरात माझी गैरहजेरी होती. कॉलेजात आणि शेजारीपाजारी ‘अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं’ असं कळलं. कळवणारी मीच. वाचकहो, ते खोटं होतं. ऑपरेशन मूळव्याधीचं होतं. मराठीत मूळव्याध, कन्नडमध्ये मूलव्याधी. आपल्या घरांतून दोन्ही भाषा चालतात, पण हा शब्द दोन्हींत आवाज खाली आणूनच बोलायचा असतो.

धाकट्याच्या बाळंतपणापासून हे दुखणं मागे लागलेलं. त्याला आता चौदावं लागलंय. रक्त पडायचं, थांबायचं. डॉक्टरांना दाखवायचं कसं, या लाजेने एरंडेल, ताक आणि सुरणाच्या भाजीवर दिवस काढले. यंदा सुट्टीत अक्काकडे बालाघाटला गेले. आपल्याकडे बालाघाट म्हटलं की मराठवाड्यातली डोंगररांग आठवते; हा मध्य प्रदेशातला, गोंदियाच्या वरचा, वैनगंगेकाठचा जिल्हा. दाजी तिथे भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत नोकरीला आहेत. तिसऱ्याच दिवशी मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन निघालं सात. मग अक्काने माझं काही चालू दिलं नाही.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. कंबरेत इंजेक्शन दिलं, तासाभरात बाहेर. खरी परीक्षा पुढे होती: पहिल्यांदा शौचाला जाण्याची. त्याची मला इतकी धास्ती की मी जेवणच तोडलं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर यायला काही राहणार नाही, असा एम. ए. झालेल्या बाईचा हिशेब! दोन दिवस चहा आणि चार चमचे वरणाचं पाणी. गावाहून सासूबाईंचा रोज फोन, “ऊट आतेन?” मी म्हणायची, “हो, जेवले.” दुसरं खोटं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “पोट साफ झालं?” मी मान हलवली. त्यांनी जे समजावलं ते मला चौदा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. आपण खाल्लं नाही तरी आतड्यात मळ तयार होतोच. तो जितका वेळ मोठ्या आतड्यात थांबेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो दगडासारखा होतो. म्हणजे ज्याच्या भीतीने मी उपाशी होते, ते मीच तयार करत होते. त्यातून दुखणं थांबवायच्या काही गोळ्यांनी पोट बांधलं जातं, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही. माझ्या दोन्ही चालू होत्या. वेदना सोसत गोळी टाळणं हाही उपाय नव्हे, कारण दुखलं की माणूस आवळून धरतो. गोळी घ्यायची आणि सोबत मळ मऊ करणारं औषधही, डॉक्टर सांगतील तितकं.

त्या रात्री अक्काने इसबगोल दिला, वर पाण्याचा भला मोठा पेला. इसबगोल पाणी धरून फुगतो, त्यामुळे मळ मऊ राहतो; वर भरपूर पाणी प्यायलं नाही तर तोच आत घट्ट बसायचा. ही गोष्ट पुडीवर बारीक अक्षरात असते आणि आपण वाचत नाही. जेवणात बदल मात्र गमतीचा झाला. बालाघाटचा चिन्नौर तांदूळ फार सुवासिक, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. माझ्या ताटात तो थोडाच, कारण पांढऱ्या भातात चोथा कमी. अक्काकडे कामाला येणाऱ्या बाईंनी त्याऐवजी कोदोची पेज सुचवली. तिकडचे बैगा, गोंड लोक कोदो-कुटकी पिकवतात. आपल्या अंबलीची लांबची बहीणच म्हणा ना. सोबत पपई, दुधी, पालेभाजी आणि मज्जिगे, बिनमिरचीचं.

चौथ्या दिवशी पहाटे कळ आली. आलेली कळ परतवायची नाही, कुंथायचं नाही, पायाखाली पाट घेऊन थोडं पुढे वाकून बसायचं आणि पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठून यायचं, असं बजावलेलं. अक्का दाराबाहेर उभी. दुखलं, खोटं कशाला सांगू? डोळ्यांतून पाणी आलं. थोडं रक्तही दिसलं. पण मी मनात रंगवलं होतं त्याच्या पावपटही नव्हतं ते. नंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसले. आवळलेले स्नायू सैल पडतात आणि जीव परत आल्यासारखा वाटतो. दिवसातून तीनदा हा कार्यक्रम चालला. अक्काने त्या टबाला ‘सिंहासन’ नाव दिलं.

डॉक्टरांनी एक ताकीद दिली होती. थोडं रक्त आठवडा-दोन आठवडे दिसू शकतं. पण धार लागली, गाठी पडल्या, ताप आला, लघवी अडली किंवा तीन दिवस पोट साफ झालं नाही, तर फोन करायचा. दहाव्या दिवसाच्या आसपासही जास्त रक्त जाऊ शकतं. बरं वाटू लागलं म्हणून बादली उचलायला जायचं नाही.

पडल्या पडल्या गांधीजींची आत्मकथा पुन्हा चाळली. १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर त्यांना गुदद्वारी चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत, की खाण्याच्या नुसत्या विचाराने भीती वाटे, हे त्यांनी सरळ लिहून ठेवलंय. १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलालांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. त्यांच्या चिरा, माझी मूळव्याध, पण जेवणाची भीती तीच. एवढ्या मोठ्या माणसाने जगापुढे सांगितलं आणि मी सासूबाईंना अपेंडिक्स सांगून बसले होते.

सहा आठवड्यांनी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने परत आले, बसायला उशी, पिशवीत इसबगोल. घरी आल्यावर रात्री सासूबाईंना खरं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दार लोटून घेऊन म्हणाल्या, “मलाही जातं गं रक्त. तीन वर्षं झाली. उष्णतेचं असेल म्हणून बोलले नाही.”

माझं ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांनी दुर्बिणीने आत तपासून घेतलं होतं. चाळिशीनंतर रक्त गेलं तर ते मूळव्याधीचंच असं धरून चालायचं नाही, आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो, असं म्हणाले होते. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत. सोमवारी त्यांची तपासणी आहे. मी रजा टाकली आहे, अर्जात कारण खरं लिहिलंय.