हन्नाने शिवलेला झगा



आगमन काळाची पहिली मेणबत्ती लागली की आपल्या घरांत दोन याद्या सुरू होतात. पहिली फराळाची: करंज्या, शेव, चकल्या, केक. दुसरी भेटींची: कुणाला काय द्यायचं, गेल्या नाताळात त्यांनी काय दिलं होतं, आणि यंदा त्याहून कमी दिलं तर त्यांना काय वाटेल. पहिल्या यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसरीबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

लग्नकार्यात आपल्याकडे आहेराची वही असते. कुणाच्या पाकिटात किती निघाले ते लिहून ठेवतात, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं तरी परत करायचं असतं. अडीअडचणीला एकमेकांना हात देण्याची ती जुनी रीत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण तीच वही नाताळात उघडली की भेटीची उधारी होते. मग आपण माणसाचा विचार करत नाही, हिशोबाचा करतो. घाईघाईत शर्टपीस, ब्लाउजपीस, काचेच्या ग्लासांचा सेट उचलतो. तो ब्लाउजपीस पुढे कुठे जातो हे आपल्या सगळ्या बायकांना माहीत आहे! तो कपाटात जातो, तिथून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी, आणि कधी कधी फिरत फिरत पुन्हा आपल्याच घरी येतो. कुणीच तो शिवत नाही, कारण कुणीच तो कुणासाठी घेतलेला नसतो.

हे हसण्यावारी नेता येईल. पण या हिशोबाचा एक भाग हसण्यासारखा नाही. आपल्या बुरहानपुरात पॉवरलूमवर, केळीच्या शेतात, दुकानात मजुरी करणारी घरं आहेत. काम मंदावलं की अशा घरात आधी सणाचा खर्च कापला जातो. एका नाताळाच्या आधी एक बहीण मला म्हणाली, "ताई, यंदा आम्ही कुणाकडे जाणार नाही. गेलं की काहीतरी न्यावं लागतं, आणि कुणी आणलं की परत द्यावं लागतं." गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या सणाला एक कुटुंब दार लावून घरात बसतं, कारण त्यांच्याकडे द्यायला काही नाही! मेंढपाळ तर रिकाम्या हातांनी गेले होते. त्यांनी काही नेल्याचं लूकने लिहिलेलं नाही. मरिया आणि योसेफ यांनी त्यांना आत येऊ दिलं, एवढं मात्र दिसतं.

प्रभू येशूने याबद्दल स्पष्ट सांगून ठेवलं आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो ज्याच्या घरी जेवायला गेला आहे त्यालाच सांगतो की, मेजवानी करशील तेव्हा परत बोलावू शकणाऱ्या मित्रांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ज्यांच्याकडून परतफेड होणारच नाही त्यांना बोलाव. यजमानाला त्याच्याच घरात हे ऐकवणं सोपं नव्हतं. म्हणजे ही गोष्ट प्रभूला फार महत्त्वाची वाटत होती.

यावर काही जण म्हणतील, "मग भेटी बंदच करा आणि सगळा पैसा गरिबांना द्या." हा विचार भक्तीचा वाटतो, पण बेथानीत काय झालं ते आठवा. एका स्त्रीने जटामांसीच्या मोलवान सुगंधी तेलाची कुपी येशूच्या मस्तकावर ओतली. तिथल्या लोकांनी लगेच हिशोब मांडला: हे तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना देता आलं असतं. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे हे जवळजवळ वर्षभराचं उत्पन्न झालं. तरीही प्रभूने तिचीच बाजू घेतली. का? तिने त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. तो मरणाकडे चालला आहे हे शिष्यांना उमगत नव्हतं, पण तिची भेट मात्र त्याच घडीला शोभणारी होती. भेटीचं खरं मोल इथे कळतं. समोरच्याला आपण किती नीट पाहिलं आहे, हे ती सांगते.

मला या बाबतीत सगळ्यात जवळची वाटते ती शमुवेलाची आई हन्ना. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात तिची गोष्ट आहे. नवसाने झालेला मुलगा तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाजवळ ठेवला. त्यानंतर ती दरवर्षी यज्ञाच्या वेळी नवऱ्याबरोबर तिथे जायची आणि मुलासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. शास्त्रात हे एकाच वचनात आलं आहे. पण ज्या आईने कधी लेकराचा कपडा शिवला आहे तिने इथे थांबून विचार करावा. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचं माप हन्नाने कशावरून घेतलं असेल? तो किती उंच झाला असेल, खांदे किती भरले असतील, हे तिने वर्षभर मनात मोजलं असणार. शेजारच्या त्याच वयाच्या पोरांकडे पाहून अंदाज बांधला असणार. तो झगा महागडा होता असं कुठे लिहिलेलं नाही. पण तो दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसला नसता.

पौलाचंही पाहा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, कैदेत असताना, तो काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं आणि चर्मपत्रं. आणि हिवाळ्याआधी ये, असंही सांगतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती आणि तीमथ्याची आठवण येत होती. यापो गावच्या दुर्कसने विधवांसाठी कपडे शिवले होते, आणि ती वारल्यावर त्या रडत रडत तेच कपडे पेत्राला दाखवत होत्या. आपल्यामागे लोकांनी दाखवावं असं आपण कुणाला काय दिलं आहे?

बुरहानपूरच्या माणसाला कापडाचं मोल वेगळं सांगायला नको. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी इथून गेला, तेव्हा इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आजही आपल्या गल्ल्यांत पॉवरलूमची खडखड ऐकू येते. म्हणून यंदा भेट म्हणून कापड देणार असाल, तर माझं मत असं आहे.

पहिलं, लवकर द्या. २४ डिसेंबरला दिलेलं कापड जानेवारीत अंगावर चढतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिलं तर शिंपी ते सणापर्यंत शिवून देईल. दुसरं, कापडाबरोबर शिलाईचे पैसेही द्या, नाहीतर गरिबाच्या घरात आपली भेट म्हणजे नवा खर्च होतो. तिसरं, देण्याआधी विचारा. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना साडी हवी आहे की मुलाच्या शाळेचे बूट, हे विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेली पाचवी चादर कुणाला ऊब देत नाही.

सगळ्या भेटी कापडाच्या किंवा विकतच्या असायला हव्यात असंही नाही. मोतीबिंदूमुळे वाचता न येणाऱ्या आजोबांना आपल्या आवाजात शुभवर्तमानाचे अध्याय मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या भाच्याला इथला दराबा पाठवा, त्याला गावाची चव मिळेल. आपल्याकडे केळीच्या खोडाच्या धाग्यापासून बचत गटांच्या बायका वस्तू बनवतात. त्यातलं काही घेतलं तर एकाच पैशात दोन घरांत सण होतो. मुलांना दहा खेळणी देण्यापेक्षा एक द्या, आणि त्यांच्या हाताने दुसऱ्या मुलाला एक द्यायला लावा.

आणि देताना फोटो काढू नका. डाव्या हातालाही कळू नये असं दान प्रभूने शिकवलं, आणि आपण मात्र ब्लँकेट घेणाऱ्या आजीला कॅमेऱ्याकडे बघायला लावतो. मायराचे बिशप संत निकोलस, ज्यांच्यावरून आपला नाताळबाबा आला, त्यांच्याबद्दल परंपरा सांगते की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या. लाल झगा आणि पांढरी दाढी आपण उचलली, ती रात्रीची गुपचूप चाल मात्र विसरलो.

शेवटी एक विनंती. यंदा आपल्या मंडळीतल्या प्रत्येक घराने असं एक घर निवडावं, ज्याच्याकडून परत काही येणार नाही. तिथे भेट घेऊन जा, बसा, चहा मागून प्या. निघताना "आमच्याकडेही या, पण हात हलवत या," असं मोकळेपणाने सांगा. दार लावून बसलेलं एक जरी कुटुंब त्यामुळे मध्यरात्रीच्या मिस्साला आलं, तर गोठ्यातल्या बाळाला आपली भेट पोहोचली असं मी समजेन.

हे प्रभू येशू, तू स्वतःलाच आम्हांला दिलंस आणि परतफेड मागितली नाहीस. हन्नाने जसं आपल्या लेकराकडे पाहिलं, तसं एकमेकांकडे पाहायला आम्हांला शिकव. आमेन.

सर्वांना ख्रिस्तजयंतीच्या शुभेच्छा!